हळदीचे हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लहान मुलांना हात धुण्याची गोडी कशी लावावी आणि त्यातूनच त्यांना चार शास्त्राच्या गमती कशा दाखवाव्या, यावर मी बोलावे असे चिटणीस वहिनींनी परस्पर ठरवून टाकले. मी सातवी झालेली गृहिणी. शास्त्राची व्याख्या मला विचारू नका. पण आपल्या मंडळातर्फे आम्ही तिघीजणी गेली दोन वर्षे दर गुरुवारी अंगणवाडीत जातो. तेथे जे केले, जे पाहिले, ते सांगितले तर चालेल असे वहिनी म्हणाल्या, म्हणून उभी राहिले आहे.

मुलाला ‘हात धू’ असे आपण दिवसातून किती वेळा सांगतो याचा हिशेब कोणी ठेवला आहे का? मूल मोरीवर जाते, बोटांची टोके ओली करते, चड्डीला पुसते आणि पानावर येऊन बसते. आपण रागावतो. मग भीती घालतो, की पोटात किडे होतील, डॉक्टर सुई टोचतील. एकदा एका साडेचार वर्षांच्या मुलाने मला विचारले, “कुठे आहेत किडे? दाखव की.” त्याचे काय चुकले? जो दिसत नाही त्याला घालवायचे कसे, हा प्रश्न मोठ्या माणसांनाही पडला होता. तो मी पुढे सांगणार आहे.

तेव्हा न दिसणारी गोष्ट दिसेल असे काही करावे, म्हणून आम्ही हळद घेतली. वाटीत दोन चमचे खोबरेल तेल आणि त्यात चिमूटभर हळद. चिमूटभरच बरे का! हळद जास्त झाली तर हात कितीही धुतला तरी पिवळाच राहतो आणि मूल रडकुंडीला येते. हे तेल प्रत्येक मुलाच्या हाताला पुढून-मागून चोळायचे. मग डोळ्यांवर रुमाल बांधून, पाणी आणि साबण देऊन, हात धुवायला सांगायचे. रुमाल सोडल्यावर मुलांनी आपले हात स्वतः पाहायचे.

मुले काय ओरडतात! तळहात स्वच्छ झालेला असतो. पण अंगठ्याच्या मागची बाजू पिवळी, बोटांच्या बेचक्या पिवळ्या, नखांच्या कडा तर हळदकुंकवाला निघाल्यासारख्या. दहा मुलांपैकी नऊ जणांचा अंगठा राहून गेलेला असतो. ‘अंगठा नीट धू’ हे मग कोणी सांगावे लागत नाही. दुसऱ्या खेपेला मूल अंगठा मुठीत धरून असा पिळते की जणू धुण्याचा पिळाच. आमच्या अंगणवाडीच्या ताईंनीही रुमाल बांधून घेतला. त्यांचीही बोटांची टोके राहिली. मुलांना याहून मोठा आनंद दुसरा नव्हता!

आता यातली खरी गंमत पुढेच आहे. साबण लागला की हळद लाल होते. हळदीचा डाग पडलेल्या साडीला साबण लावला की डाग तांबडा होतो आणि उन्हात वाळल्यावर पुन्हा पिवळा दिसतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. मग मुलांना का दाखवू नये? एका कागदावर हळदीचे पाणी फासून वाळवायचे. त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला की लाल. चुलीतल्या राखेचे पाणी टाकले की लाल. पानाच्या चुन्याचे पाणी टाकले की रक्तासारखे लाल. त्याच लाल डागावर लिंबू पिळले की परत पिवळे! हे पाहून एक मुलगी मला म्हणाली, “काकू, तुम्ही जादू करता.” मी म्हटले, जादू नव्हे. लिंबू, कोकम, चिंच आंबट, म्हणजे आम्ल. साबण, राख आणि चुना त्यांच्या उलट जातीचे. हळद त्या दोन्ही जाती ओळखते. पूर्वी घरोघर कुंकू होत असे, तेही असेच. हळकुंडाला लिंबू, पापडखार असे काही लावून ते लाल करीत. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या हे शास्त्र कपाळावर मिरवीत होत्या, त्याला शास्त्र असे कोणी म्हटले नाही इतकेच. एक सूचना मात्र आहे. चुन्याला मोठ्यांनीच हात लावावा. तो डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते.

आणि चुना आपल्याकडे येतो कोठून? समुद्रावर मूठभर शिंपले वेचा. आपल्या कोकणात पूर्वीपासून शिंपले भट्टीत भाजून चुना करतात. मुलांना शिंपल्याचा बारीक चुरा लिंबाच्या रसात टाकून दाखवा, बुडबुडे येतात. आमची मुले आता समुद्रावर गेली की शिंपला हातात घेऊन विचारतात, याला लिंबू लावू का?

आणखी एक खेळ पुष्कळ ठिकाणी दाखवितात. ताटात पाणी घ्यायचे, वर मिरीची पूड भुरभुरायची. साधे बोट बुडविले तर काही होत नाही. बोटाला साबण लावून बुडविले की सगळी पूड एकदम काठाकडे पळते. हा खेळ करणारे सांगतात, पाहा, साबणाला भिऊन जंतू पळाले! भगिनींनो, मला हे पटत नाही. मिरी म्हणजे जंतू नव्हेत, आणि जंतू काही भीत नाहीत. पाण्याच्या तोंडावर सायीसारखा एक ताण असतो. साबण लागतो तेथे तो ताण सैल पडतो आणि बाकीचे पाणी आपल्या बाजूला ओढून घेते, त्याबरोबर पूड जाते. साबणाचे खरे काम वेगळे आहे. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. हातावरचा तेलकट मळ आणि त्यात चिकटलेले जंतू पाण्यात ओढले जातात आणि वाहून जातात. म्हणून चोळावे लागते आणि म्हणूनच वरून पाणी घालावे लागते. हे मुलांना कळते. त्यासाठी बाटलीत पाणी आणि तेल घालून हलवून दाखवा. ती दोन्ही वेगळी होतात. मग साबण घालून हलवा. मुलांना खरे सांगितले तर ती कंटाळतात, हा आपला उगाच समज आहे.

आता ‘दाखव की’ म्हणणाऱ्या त्या मुलाचा प्रश्न. युरोपात व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. तेथे एका विभागात बाळंतिणी बाळंतरोगाने फार दगावत. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शंभरात अठरांवर गेल्या. दुसऱ्या विभागात, जेथे सुईणी काम करीत, तेथे मृत्यू पुष्कळ कमी. सेमेलवाइस यांच्या ध्यानात आले की पहिल्या विभागातले डॉक्टर आणि विद्यार्थी प्रेते चिरून थेट बाळंतिणींकडे येतात. त्यांनी सर्वांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. काही महिन्यांत मृत्यू शंभरात दोनांवर आले. जंतू तेव्हा कोणी त्यांना दाखवू शकले नव्हते, म्हणून बड्या बड्या डॉक्टरांनी त्यांचे ऐकले नाही. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला. आपल्या गावच्या विहिरीत जी ब्लीचिंग पावडर टाकतात ती तोच क्लोरीनयुक्त चुना होय. विहिरीवर तो वास आला की मला त्या बाळंतिणी आठवतात.

येथे मला एक जरा अवघड गोष्ट बोलावयाची आहे. आपल्या घरांत हात धुण्याचे नियम पूर्वी कमी नव्हते. सोवळ्यातली मंडळी दिवसातून दहादा हात-पाय धूत. पण तो हिशेब मळाचा नव्हता, शिवाशिवीचा होता. महाडचे चवदार तळे आपल्याच जिल्ह्यातले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांसह त्या तळ्याचे पाणी प्याले. तेव्हा काहींना तळे बाटले असे वाटले आणि शुद्धीसाठी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरी ओतण्यात आल्या. पिण्याच्या पाण्यात शेण! शुद्धी आणि स्वच्छता यांत किती अंतर आहे, ते याहून स्पष्ट कशाने सांगावे?

हे मी का काढले? एका अंगणवाडीत, गावाचे नाव मी घेत नाही, कातकरी वाडीवरची एक मुलगी येत असे. पाच वर्षांची. खाऊच्या वेळी तिला सर्वांसमोर उभे करून “हिचे हात बघा” असे सांगितले गेले. हेतू वाईट नसेलही. पण ती पोर दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तिच्या आईबापांना तसेही दिवाळीनंतर वीटभट्टीवर जावे लागते, मग पोरीचे येणे पावसाळ्यापुरतेच. त्यातले कित्येक आठवडे असे गेले. पूरक आहार बुडाला, अक्षरे बुडाली. आणि शिकली काय, तर आपले हात घाणेरडे असतात.

त्याच अंगणवाडीत पुढे आम्ही हळदीचा खेळ नेला. तिच्या आजीला विनवून तिला घेऊन आलो. हळदीच्या तेलाने सगळ्यांचेच हात पिवळे. कोळीवाड्यातल्या मुलाचे पिवळे, बागायतदाराच्या नातवाचे पिवळे, माझे पिवळे. घाण कोणाची, हा प्रश्नच उरला नाही. रुमाल बांधून धुतल्यावर सर्वांत स्वच्छ हात तिचे निघाले. खाडीत खेकडे धरून आल्यावर वाळू आणि राखेने हात घासायची तिला घरची सवय, त्यामुळे बोटांच्या बेचक्या तिने सोडल्या नव्हत्या. नंतर तिने बाकीच्या मुलांना दाखविले, बोटे एकमेकांत कशी घालायची. तेव्हापासून ती गुरुवारी न चुकता येते. भट्टीवर गेल्यावर अर्थात येत नाही. ते आपल्या हातात नाही, पण त्याचे वाईट वाटायचे थांबत नाही.

या कामात आपल्या आधी फार मोठ्या बाया होऊन गेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी हे आपल्यासारखेच समुद्रकाठचे गाव, तेव्हा ठाणे जिल्ह्यात आणि आता पालघर जिल्ह्यात. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच मुलांच्या वस्तीत, अंगणात नेली, आणि तिला अंगणवाडी हे नाव पडले. मुलांची नखे, केस, आंघोळ यांकडे त्यांनी अक्षरांइतकेच लक्ष दिले. मादाम माँटेसरींची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने यांचीच साधने केली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेथे आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाही कुरणात. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. आपण रोज उच्चारतो तो शब्द असा वाळूतून वर आलेला आहे.

अलीकडच्या काळात पुण्याच्या अरविंद गुप्ता यांनी हेच पुढे नेले. काड्यापेटीतल्या काड्या, सायकलची व्हॉल्व्हची नळी, वर्तमानपत्राचा कागद यांतून त्यांनी शेकडो खेळणी केली. त्यांची पुस्तके मराठीतही आहेत. आपल्याकडे तर माडाच्या पातीची पिपाणी आणि भिरभिरे प्रत्येक पोराला येते. पिपाणी का वाजते, एवढेच विचारायचे राहिले आहे.

आता पाण्याचे बोलते, कारण अडचण तेथेच आहे. मागच्या सभेत काही भगिनी म्हणाल्या, मार्च उलटला की हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहायची, आणि तुम्ही हात धुण्याचे खेळ काढता! त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. पाणी कोण आणते? आपणच आणतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आले ते दिवस आठवा. माड आणि सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती, पंप बंद. आणि तेच करोनाचे दिवस. जो तो सांगत होता, वीस सेकंद हात धुवा. विहिरीतून पोहऱ्याने पाणी ओढणाऱ्या बाईला वीस सेकंद म्हणजे काय, ते विचारा.

म्हणून आम्ही मोजून पाहिले. तांब्याने पाणी ओतून मुलाचे हात धुतले तर मोठा तांब्या एका मुलाला लागतो. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला दाभणाने तीन भोके पाडली आणि तिने पाणी घातले तर लिटरभर पाण्यात आठ मुलांचे हात नीट होतात. हात ओले केले की बाटली उभी धरायची, साबण चोळताना पाणी बंद. याहून चांगला उपाय आफ्रिकेत झिंबाब्वेमध्ये निघाला आणि आता पुष्कळ देशांत आहे. पाच लिटरचा डबा आडव्या काठीला टांगायचा, डब्याच्या तोंडाशी भोक पाडायचे, तेथून दोरी खाली एका काठीला बांधायची. काठी पायाने दाबली की डबा कलतो आणि पाण्याची बारीक धार येते. हाताने काही धरावेच लागत नाही. मुलांना तो झोपाळ्यासारखा वाटतो, पाय दाबण्यासाठी रांग लागते. खाली अळू किंवा केळ लावली की पाणी वायाही जात नाही.

आणि हो, खाऱ्या पाण्याची गोष्ट राहिली. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात, मग साबणाला फेस येत नाही आणि पाण्यावर दह्यासारखा पांढरा थर धरतो. मुलांना दोन बाटल्या द्या, एकीत पावसाचे साठविलेले पाणी आणि दुसरीत समुद्राचे. दोन्हींत साबणाचा सारखा तुकडा टाकून हलवायला सांगा. एकीत फेस वर येतो, दुसरीत चोथा होतो. खाऱ्या पाण्यातले क्षार साबणाला धरून बसतात, म्हणून तो मळापर्यंत पोचत नाही. फक्त खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही बऱ्यापैकी फेस देतो. जहाजावरच्या खलाशांसाठी मुद्दाम तो साबण करीत. माडांच्या देशात राहून आपल्याला हे ठाऊक नसावे! आपल्या बचतगटाने तो करून पाहावा असे मला वाटते, पण तो विषय वेगळा.

मासळी साफ करून आल्यावर साबणानेही हाताचा वास जात नाही, तेथे आमसूल चोळतात. का चोळतात, ते हळदीच्या कागदाचा खेळ पाहिलेल्या मुलीने आपल्या आईला सांगितले: वास उलट जातीचा आहे, आंबटाने मरतो. आई मासळीबाजारात बसते. तिने ते मला येऊन सांगितले, तेव्हा तिच्या तोंडावर मी जे पाहिले ते मला सांगता येणार नाही.

भाकरीच्या तुकड्याचा प्रयोगही आम्ही करतो. धुतल्या हाताचा एक, न धुतल्या हाताचा एक, दोन बंद बरण्यांत. पण तो पावसाळ्यात करू नये. आपल्या हवेत आषाढात दोन्ही तुकड्यांना बुरशी येते आणि मुले विचारतात, मग हात का धुतले? माघ-फाल्गुनात करावा, आणि दोन नव्हे तर दहा तुकडे ठेवावे. एका तुकड्यावरून काही ठरत नाही, हे मुलांनाही कळू द्या.

आता मंडळापुढे दोन सूचना आहेत. शिल्लक रकमेतून अंगणवाडीत फरशी लावलेले बेसिन बसवावे ही एक, आणि भिंतीवर स्वच्छतेची चित्रे रंगवावी ही दुसरी. माझे मत दोन्हींच्या विरुद्ध आहे, अध्यक्षबाई रागावू नयेत. बेसिनला नळ लागतो आणि आपला नळ दिवसाआड येतो. शिवाय ते मोठ्यांच्या उंचीचे होते, मूल टाचा वर करून दमते. चित्रे तर चार पावसाळ्यांत निघून जातात. तेवढ्याच पैशांत पायाने चालणारे सहा डबे होतील. चार आपल्या अंगणवाडीत आणि दोन वाडीवर, जेथे अंगणवाडीची इमारतच नाही. उरलेल्यातून वर्षाचा साबण येईल. डबा फुटला तर बदलता येतो, आणि तो कसा बांधायचा ते मुलांचे बापही एका संध्याकाळी शिकतील. दोरीच्या गाठी बांधण्यात होडीवरच्या माणसांना कोण शिकवणार!

मनुष्यबळाचेही सांगते. आम्ही तिघी आहोत, पण एकीची सून बाळंतपणाला आली आहे. दर गुरुवारी अकरा ते साडेबारा, खाऊच्या आधी, दोघी नव्या पाहिजेत. शिक्षणाची अट नाही. मुलाने “का?” विचारले तर “चल, करून पाहू” एवढे म्हणता आले की झाले. येत्या गुरुवारी हळद माझ्याकडची. खोबरेल कोण आणणार ते आताच सांगा, आणि डोळ्यांवर बांधायला जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या वीस तरी लागतील. मागच्या वेळच्या सगळ्या पिवळ्या झाल्या आहेत.